शनिवारची फुली

खरं बोलणाऱ्या माणसाचं लांबून कौतुक करायला काही लागत नाही. त्याच्या हाताखाली चार वर्षं नोकरी करा, मग आपण बोलू. मी केली आहे. बसवकल्याणहून मुडबीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक गाव लागतं. तिथल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी अतिथी शिक्षिका होते आणि सर मुख्याध्यापक होते. पाच वर्ग आणि आम्ही दोघं. आता ती शाळा नाही. सरांचं नाव निघालं की गावातले लोक हळहळतात, असा माणूस पुन्हा व्हायचा नाही म्हणतात. मलाही तसंच वाटतं, पण मी ते हळहळून म्हणत नाही.

सरांचं सगळं वेड एका फळ्यात होतं. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला, सिमेंटचा एक लांबरुंद काळा फळा होता. पूर्वी त्यावर सुविचार असायचा. सरांनी आल्या दिवशी तो पुसला आणि त्या जागी दर सोमवारी, प्रार्थनेच्या आधी, मोठ्या अक्षरांत लिहायला सुरुवात केली: 'या आठवड्यात'. त्याखाली पहिली ते पाचवी, प्रत्येक वर्गापुढं एकच ओळ. पहिली: वीसपर्यंत वस्तू मोजणे. दुसरी: घड्याळ बघणे. तिसरी: हातच्याची वजाबाकी. चौथी: आपल्या गावाचा नकाशा. पाचवी: कन्नडमध्ये पत्र लिहिणे. वर्गात आम्ही काय काय शिकवत असू, फळ्यावर मात्र एका आठवड्याला एका वर्गाची एकच गोष्ट चढायची.

त्यासाठी ते खडू साखरेच्या पाण्यात भिजवून आणायचे. तशा खडूची अक्षरं वाळली की पांढरीशुभ्र उठतात आणि शेळ्यांनी अंग घासलं तरी पुसत नाहीत. पोरांच्या दुधासाठी शाळेत साखर असायची, पण तिला त्यांनी कधी बोट लावलं नाही. साखर सरांच्या गावाहून, निर्ण्याहून, स्वतःच्या घरून कागदाच्या पुडीत यायची. दुपारपर्यंत फळ्यावर मुंग्या चढायच्या. पोरं म्हणायची, मुंग्या वाचायला आल्या.

खरा प्रकार शनिवारी व्हायचा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पोरं त्या फळ्याखाली वर्गवार उभी राहायची. गावातल्या कुणीही यावं आणि कुठल्याही पोराला त्याच्या ओळीतलं विचारावं. पोराला आलं तर ओळ पुसली जायची. नाही आलं तर विचारणाऱ्यानं तिच्यापुढं फुली मारायची. त्याकरता खिळ्याला सुतळीनं एक खडू कायमचा बांधलेला होता. फुली पडलेली ओळ पुढच्या सोमवारी तशीच राहायची, फक्त पुढं कंसात लिहिलं जायचं, 'आठवडा दुसरा'. शिक्षकानं आपल्या मनानं फुली पुसायची नाही. कुणीतरी पुन्हा विचारायचं, पोराला यायचं, आणि मग विचारणाऱ्यानंच ती पुसायची. हा नियम कुठल्या परिपत्रकात नव्हता, पण सरांनी तो परिपत्रकापेक्षा जास्त पाळला.

सुरुवातीला गावाला ही करमणूकच होती. बसची वाट बघणारी माणसं, वावरातून परतलेल्या बाया, हॉटेलातली म्हातारी मंडळी फळ्यापुढं जमायची. ज्याला स्वतःला घड्याळ कळत नव्हतं तोही दुसरीच्या पोराला घड्याळ विचारायचा आणि बरोबर-चूक सरांच्या तोंडाकडं बघून ठरवायचा. सर तोंड दगडासारखं ठेवायचे. मग त्या माणसाला पोराकडूनच घड्याळ समजून घ्यावं लागायचं. असे दोघे-तिघे शिकलेसुद्धा.

धडा शिकवून संपला की आम्ही 'भाग झाला' म्हणायचो; हे दोन शब्द सरांना चालत नसत. मी नवीन असताना एकदा म्हणाले, "सर, चौथीचा तिसरा भाग झाला."

"बाई, पाऊस झाला म्हणतेत, लगीन झालं म्हणतेत. भाग कसा होतोय?" सर म्हणाले. "आपण बोललो की झाला व्हय? लेकराला आला का ते सांगा."

तपासायला येणारे साहेब विचारायचे, किती भाग झाले. सर म्हणायचे, माझे झालेत, लेकरांचे व्हायचेत. साहेबांना तो उद्धटपणा वाटायचा आणि खरं म्हणजे तो होताच. मी आधी ज्या शाळांत काम केलं तिथं पाठाच्या टाचणाची वही रविवारी बसून महिनाभराची लिहून काढायची पद्धत होती. सरांच्या वहीत काय असायचं? 'बुधवार. शिकवले नाही. मतदार यादीसाठी घरोघर फिरलो.' साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं की असं लिहू नये. सरांनी लाल रेघेखाली लिहिलं, 'मग बुधवारी काय लिहावे ते कळवावे.' कळवलं कुणीच नाही, पण सरांच्या नावावर तो सगळा उद्धटपणा जमत गेला आणि पुढं वेळ आली तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला कचेरीत एकही माणूस नव्हता.

पाचवीच्या खाली आणखी एक ओळ असायची. 'सर:' लिहून पुढं ते स्वतःचा धडा लिहायचे. 'सर: मोबाईलवर हजेरी भरणे (आठवडा नववा).' 'सर: सभेत न चिडता ऐकणे.' शनिवारी गाव त्यांनाही विचारायचं आणि हसत हसत फुली मारायचं. सभेच्या ओळीवर तर सहा फुल्या पडल्या. मला ते गमतीचं वाटायचं, कारण तोवर माझं नाव फळ्यावर आलं नव्हतं.

ते आलं दुसऱ्या वर्षी, श्रावणात. रेणुका नावाची पोरगी तेव्हा पहिलीत होती. तिचा बाप बीदरजवळ कोळारला एका गोदामात माल उतरवायला होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. आई दुसऱ्यांच्या वावरात कामाला जायची. दोन वेण्यांना दोन रंगांच्या फिती बांधून येणारी ही काटकुळी पोरगी एकदा विचारलं की खालची मान वर करत नसे. एके दिवशी मी तिला तेच तेच पाच वेळा विचारलं आणि सहाव्यांदा तिच्या गालावर एक दिली. सरांनी खिडकीतून बघितलं. सोमवारी मी बसमधून उतरले तर फळ्यावर पाचवीच्या खाली ओळ होती, 'बाई: हात न उचलता शिकवणे.'

मला रस्त्यातच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलातली माणसं वाचत होती. मी तावातावानं ऑफिसात गेले आणि म्हणाले, "सर, हे मला एकटीला सांगितलं असतं तर?"

"लेकराला एकटीला मारलं का?" सरांनी विचारलं. "तिला चाळीस लेकरांनी बघितलं."

शनिवारी आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आले. त्यांचं चौकात किराणा दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांनी रेणुकालाच पुढं घेतलं. "बाईनं या आठवड्यात मारलं का ग तुला?"

रेणुका विचार करून म्हणाली, "मारलं न्हाई. कान धरला."

अण्णांनी फुली मारली. गाव हसलं. मी तीन आठवडे त्या फळ्यावर टांगलेली होते. चौथ्या शनिवारी ओळ पुसली गेली, तेव्हा सर सहज म्हणाले, "आलं तुम्हाला." त्यानंतर मी आजपर्यंत एकाही पोरावर हात उचललेला नाही. ते त्यांच्यामुळं, हे मला कबूल आहे. पण उपकार करायची ही पद्धत कुठली? माणूस सुधारतो आणि आयुष्यभर सुधारणाऱ्याचं तोंड बघवत नाही, अशी.

त्यांना प्रसंग कळायचे नाहीत. ओळखीचा माणूस भेटला की कसे आहात, पाऊसपाणी काय म्हणतंय, असलं काही न विचारता ते एकदम म्हणायचे, "या आठवड्यात काय शिकलाव?" बसमध्ये, बाजारात, कुठंही. अण्णांचे वडील वारले तेव्हा आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. सर त्यांच्याजवळ सरकले आणि अगदी मायेनं, खरंच मायेनं, म्हणाले, "अण्णा, या आठवड्यात काय शिकलाव?" सगळी बैठक थिजली. सरांना विचारायचं होतं की दुःखातून काय कळलं; त्यांच्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. अण्णांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. ते बघणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

मग पिवळी व्हॅन आली. बसवकल्याणला एक इंग्रजी शाळा निघाली आणि तिची व्हॅन रोज सकाळी आमच्या फळ्यापुढूनच वळायला लागली. पहिला त्यात अण्णांचा नातू बसला, शाळा समितीच्या अध्यक्षांचा. त्या शाळेतून दर सोमवारी पालकांच्या फोनवर एक रंगीत पान यायचं. वर फुगे, मधमाश्या आणि मथळा, 'धिस वीक वी आर लर्निंग'. खाली प्रत्येक वर्गाच्या सहा-सात गोष्टी: सबट्रॅक्शन, मल्टिप्लिकेशन, वनस्पतीचे भाग, सूर्यमाला. अण्णा दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते पान दाखवायचे आणि मग हातानं समोरच्या भिंतीकडं बोट करायचे. भिंतीवर लिहिलेलं असायचं, 'तिसरी: हातच्याची वजाबाकी (आठवडा चौथा)', आणि पुढं फुली.

"बाई, तिकडं आठ दिवसांत सूर्यमाला झाली," अण्णा मला म्हणाले. "हिकडं तुमी एका वजाबाकीत बसलाव. लोकांनी कामून ठेवावं लेकरू?"

फळा आमचाच होता, अक्षर आमचं, फुल्या त्यांच्याच हातच्या. एवढ्या मोठ्या अक्षरांत आम्हाला काय येत नाही हे जगाला सांगणारी शाळा मी दुसरी पाहिली नाही. तिकडच्या पोरांना काय येतं हे कुणी विचारत नव्हतं, कारण तिकडं विचारायची सोयच नव्हती. मी आले तेव्हा पटावर चाळीसच्या वर पोरं होती. चौथ्या वर्षी एकोणीस उरली.

तिसरीत तेव्हा चार पोरं होती आणि त्यांत रेणुका होती. तिची वजाबाकी मधे शून्य आलं की अडायची. सरांनी तुरीच्या काड्या तोडून दहा-दहांच्या जुड्या बांधल्या होत्या आणि दहा जुड्यांचा एक मोठा भारा, असे शंभराचे भारे केले होते. भारा सोडायचा, जुड्या करायच्या, जुडी सोडायची, काड्या करायच्या. काड्या हातात असल्या की रेणुकाला यायचं. पाटीवर, नुसत्या आकड्यांनी, यायचं नाही. सर म्हणायचे, "हातातलं मनात जायला येळ लागतो. जाऊ द्या की." आम्हाला वेळच तेवढा नव्हता.

कारण जानेवारीत निरोप आला की साहेब शनिवारी येणार, पालकांची सभा घेणार आणि शाळा ठेवायची की नाही ते लिहून नेणार. नाही ठेवली तर पोरं ओढ्यापलीकडच्या गावातल्या कन्नड शाळेत जाणार आणि माझी जागा जाणार. खोटं कशाला बोलू, मला आधी माझ्या जागेची काळजी होती, मग पोरांची. मी आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी सरांना गाठलं.

"सर, एक आठवडा फक्त. ती वजाबाकीची ओळ काढा. दुसरं काही चांगलं लिहा."

"ओळ शनिवारी निघती, बाई. लेकराला आलं की."

"शाळाच ऱ्हायली न्हाई तर वजाबाकी कुठं शिकवणार?"

सर पायरीवर डस्टर आपटत होते. बराच वेळ आपटत राहिले. "तुमचं बरोबर हाय," म्हणाले. समोरच्याचं बरोबर आहे म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही, ही त्यांची सवय मला चार वर्षांत पाठ झाली होती.

सोमवारी मी पहिल्या बसनं आले. घरून साखरपाण्यात भिजवलेला खडू आणला होता. सगळा फळा पुसला आणि सरांच्या वळणानं नवीन लिहिला. तिसरीपुढं लिहिलं, 'गुणाकार व भागाकार'. चौथीपुढं सूर्यमाला. कंसातले आठवडे नाहीत, फुली नाही, सरांची ओळ नाही. लांबून बघितल्यावर तो फळा मला पहिल्यांदा देखणा वाटला.

सर आले. खांद्याची पिशवी न उतरवता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. मी दारात उभी होते. त्यांनी खिशातून साखरेची पुडी काढली, हातात धरली आणि परत खिशात ठेवली.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, जिंकलो. त्या माणसानं सगळ्या नोकरीत एकदा मान वाकवली होती, आणि ती शाळेसाठी, माझ्यासाठी. आठवडाभर त्यांनी तिसरीला पुन्हा वजाबाकीच शिकवली. फळ्याकडं त्यांनी बघितलं नाही. जाता-येता ते रस्त्याच्या पलीकडून चालायचे.

शनिवारी साहेब जीपनं आले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पालक आले होते, अण्णा आले होते, आणि रेणुकाची आई अर्ध्या दिवसाचं काम सोडून आली होती. साहेबांना हुमनाबादला एका लग्नाचं जेवण गाठायचं होतं. त्यांनी उभ्या उभ्या फळा वाचला, कन्नडमध्ये "सरि, सरि," म्हणजे ठीक ठीक, म्हणत मान हलवली आणि म्हणाले की शाळा चांगली चालली आहे, इतकं सगळं शिकतात तर बंद कशाला करायची. पालकांतही कुजबुज झाली की बरं झालं, चार पावलांवरची शाळा राहील. साहेबांनी फाईल उघडली. नुसतं फोटोसाठी म्हणून म्हणाले, एखाद्या पोराला काही विचारा.

अण्णा उठले. "गुणाकार ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मागली वजाबाकी तर बघू. रेणुका, पाचशे दोनातून एकशे अठ्ठ्याहत्तर काढ."

रेणुका आतून काड्या घेऊन आली. जमिनीवर पाच भारे मांडले, बाजूला दोन काड्या. एक भारा सोडला, जुड्या केल्या. एक जुडी सोडली, काड्या केल्या. सगळे वाकून बघत होते. तिची आई तोंडावर पदर धरून उभी होती. रेणुकानं काढायचं ते काढून बाजूला सारलं, उरलेलं मोजलं आणि म्हणाली, "तीनशे चोवीस."

टाळ्या पडल्या. अण्णासुद्धा "बराबर" म्हणाले. साहेबांनी फोटो काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

रेणुका मात्र जागेवर गेली नाही. ती फळ्याकडं गेली. तिसरीच्या ओळीवर बोट ठेवून तिनं वजाबाकी शोधली. ती नव्हती. मग तिनं सुतळीचा खडू धरला आणि त्या ओळीपुढं फुली मारली.

"अगं, आली की तुला," साहेब म्हणाले.

"हे काड्यानं आलं," रेणुका म्हणाली. "मनानं येत न्हाई अजून. अन् गुणाकार तर सरांनी शिकवलाच न्हाई."

कुणी तिला शिकवलं नव्हतं तसं करायला. म्हणजे, तीन वर्षं दुसरं काय शिकवलं होतं? जगातल्या कुठल्याही शाळेतलं लेकरू टाळ्या घेऊन खाली बसलं असतं. आमचं बसलं नाही. आणि तेव्हा मी सरांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "शाब्बास." चार वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. शाळा हातची जात होती आणि त्या माणसाच्या तोंडावर असं समाधान होतं की मला ते अजून विसरता आलेलं नाही, आणि माफही करता आलेलं नाही.

पुढचं पटकन झालं. अण्णांनी आवाज चढवला. "म्हणजे फळ्यावर खोटं लिव्हलंय. वजाबाकी येईना आन् भागाकार लिव्हलाय. अवो, निदान ह्यो फळा तरी खरा हाय असं आमाला वाटायचं." लोकांनी माना हलवल्या. आमच्या शाळेत कमी शिकवतात यावर गाव चिडलं होतं, पण ती खोटं सांगते असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते त्या शनिवारी म्हटलं.

साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, हे कुणी लिहिलं?

सर पुढं झाले. "फळा माझा हाय, साहेब."

मी हजेरीपट छातीशी धरून तीन हातांवर उभी होते. तोंड उघडायचं होतं. मी लिहिलं, एवढे दोन शब्द. ते मी बोलले नाही. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर कदाचित बोलले असते. साहेबांनी पेनानं काहीतरी लिहिलं आणि जीप गेली. गावात आजही सांगतात की सर फार खरे होते, फक्त शेवटी शेवटी साहेबांच्या भीतीनं एकदा खोटं वागले. असं कुणी म्हटलं की मी विषय बदलते.

जूनमध्ये शाळा ओढ्यापलीकडं गेली. सरांची बदली चिंचोळीच्या बाजूला झाली, तिथूनच ते निवृत्त झाले. त्या सभेनंतर त्यांनी फळ्याला हात लावला नव्हता; शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या ओळी ओल्या फडक्यानं पुसल्या. रेणुकाची फुली पुसली नाही. त्या फुलीच्या अलीकडं आपल्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'तिसरी: हातच्याची वजाबाकी (आठवडा सातवा)'. मग दाराला कुलूप लावून किल्ली अण्णांच्या दुकानात दिली आणि बसला गेले. मला त्यांनी काही विचारलं नाही.

मी पिवळ्या व्हॅनच्या शाळेत लागले. यात लपवायचं काय? सकाळी व्हॅनबरोबर गावोगाव फिरून पोरं गोळा करते आणि तिसरीला शिकवते. दर सोमवारी पालकांना जाणारं ते रंगीत पान आता मी करते, कारण माझी मांडणी चांगली आहे असं म्हणतात. एका सोमवारी त्यात 'सबट्रॅक्शन विथ बॉरोइंग' होतं, पुढच्या सोमवारी दुसरं काही होतं. अण्णांच्या नातवाला ती वजाबाकी येत नाही, हे मला आणि त्याला माहीत आहे. पान गेलं की अण्णांचे फोनवर जोडलेले हात येतात.

रेणुका ओढ्यापलीकडच्या शाळेत चार-पाच महिने गेली. मग आई कामाला जाते, धाकट्या भावाला कोण बघणार, म्हणून घरी राहिली. व्हॅनमधून ती कधी कधी दिसायची, भावाला कडेवर घेऊन बंद शाळेच्या पायरीवर बसलेली. दीड वर्षानं, एका सोमवारी, ती व्हॅनच्या दारापाशी आली.

"बाई, इचारा मला."

"काय गं?"

"वजाबाकी. आता मनानं यायली. कुणी इचारलंच न्हाई." तिनं मान मागं करून फळा दाखवला. पत्र्याखाली असल्यामुळं फुली अजून तशीच होती. "मला पुसता येत न्हाई की. इचारणाऱ्यानं पुसायची."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आत पोरं ओरडत होती, अजून दोन गावं घ्यायची होती. एक वजाबाकी विचारायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "शनिवारी विचारते हं."

आमच्या इंग्रजी शाळेला शनिवारी सुट्टी असते. व्हॅन येत नाही. हे मी म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं. पुढचा सोमवार उजाडला तर पायरीवर कुणी नव्हतं. अण्णा म्हणाले, बाप येऊन सगळ्यांना कोळारला घेऊन गेला, पोरगी बी आता तिथंच कायतरी करील.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन लावला. चार वर्षांचं आणि वरच्या दीड वर्षाचं सगळं मला त्यांच्या पदरात घालायचं होतं. मी बोलत सुटले. तुमच्या खरेपणानं शाळा गेली, पोरं पांगली, ती पोरगी घरी बसली, आता गोदामापाशी गेली, तुम्ही मात्र शाब्बास म्हणून मोकळे झालात. फळा मी लिहिला होता, हेही बोलून गेले.

मग सर म्हणाले, "रेणुकाला आली का वजाबाकी?"

मी म्हणाले, "व्हय सर. आली."

"तुमी इचारलंव?"

"विचारलं."

"कोणती?"

"तीच. पाचशे दोनातून एकशे अठ्ठ्याहत्तर."

"मनानं?"

"मनानं."

मला वाटलं, आता पकडणार. ज्या माणसानं कुणाच्याही तोंडी शब्दावर कधी एक ओळ पुसू दिली नाही, तो पुढचं विचारणार. सरांनी काही विचारलं नाही. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसासारखा झाला.

"मग ती फुली पुसा, बाई," म्हणाले. "तुमी इचारलंव, तिला आलं. आता पुसायचा हक्क तुमचा हाय."

एकदा मी व्हॅन थांबवून उतरले. ओला फडका सोबत नेला होता. फुलीपुढं उभी राहिले, हात वर केला आणि मला ते जमेना. मी विचारलं नव्हतं. पोरं खिडकीतून बघत होती. मी फडका पिशवीत टाकला आणि परत येऊन बसले. ती शाळा जाताना उजव्या हाताला लागते, म्हणून मी आता व्हॅनमध्ये डाव्या बाजूला बसते.